बेंदरापासूनचा खोकला

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागावर एका डॉक्टरीणबाईंची नेमणूक केली. हे हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर. ‘इथं जमणार नाही, कोल्हापूरला हलवा’ असं आजऱ्यात, गडहिंग्लजात कुणी डॉक्टर म्हणाले की नातेवाइकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते याच दवाखान्याचं. नेमणूक झाली तेव्हा बाई अमेरिकेत होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली होती. वय अवघं एकवीस. नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली. नोव्हेंबरात आनंदीबाई बोटीने मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. पश्चिमेकडचं वैद्यक शिकून आलेली पहिली मराठी स्त्री एकाही कोल्हापूरकर बाईची नाडी न बघता गेली. त्यांची रक्षा पुढं अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटरमावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवली गेली.

या घटनेतली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आनंदीबाईंच्या मृत्यूच्या पाच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ ला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे आनंदीबाई वैद्यक शिकत होत्या तेव्हा आजाराचं नाव ठाऊक होतं, जंतू ठाऊक होता, छातीला लावायची नळी तर १८१६ पासून होती. औषध तेवढं नव्हतं. ते यायला आणखी जवळजवळ साठ वर्षं जावी लागली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आलं. आज आजरा तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला क्षय झाला तर सहा महिन्यांत तो बरा करणारी औषधं फुकट मिळतात. आनंदीबाईंकडे औषध नव्हतं म्हणून त्या गेल्या. आज माणसं जातात ती बहुतेक करून उशिरामुळं, आणि तो उशीर कसा होतो हा या व्याख्यानाचा विषय आहे.

क्षयाचं आणि या भागाचं एक साहित्यिक नातंही आहे. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी कर्ण उभा केला, तसे शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी १९६२ साली ‘स्वामी’तून थोरले माधवराव उभे केले. पानिपतानंतर कोसळलेलं राज्य सावरणारा हा पेशवा १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला चिंतामणीच्या देवळात राजयक्ष्म्याने गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. राम गणेश गडकरीही १९१९ साली सावनेरला याच दुखण्यानं गेले. अशा मृत्यूंमुळं मराठी मनात क्षयाला एक करुण शोभा चिकटली, आणि पुढं सिनेमाने तीवर रुमालावरच्या रक्ताच्या ठिपक्याचा शिक्का मारला. परिणाम असा की ठिपका दिसेपर्यंत कुणी घाबरतच नाही. प्रत्यक्षात रक्त पडणं हे बऱ्याच रुग्णांत कधी दिसतच नाही. दिसतो तो साधा, कंटाळवाणा, शेजारच्याची झोप मोडणारा खोकला.

खेड्यातल्या दवाखान्यात श्रावणात-भाद्रपदात जो संवाद होतो तो साधारण असा असतो.

‘मावशी, खोकला कधीपासनं हाय?’

‘झालं की. बेंदरापासनं.’

‘मग इतके दिवस काय केलं?’

‘काय करायचं? पावसाळ्यात खोकला असतोयच की. पोरानं मेडिकलमधनं बाटली आणली हुती. घेतली की जरा बरं वाटतंय, संपली की पुन्हा ढास.’

बेंदूर आषाढातला. बोलणं चाललंय गौरी-गणपतीच्या तोंडावर. म्हणजे खोकला दोन महिन्यांच्या घरात गेला. शेतात राबणाऱ्या माणसाच्या मनात आठवडे नसतात. रोप लावण असते, भांगलण असते, सण असतात. भात लावणीच्या चिखलात उभ्या बाईला तिचा खोकला चौदाव्या दिवशी गेला की पंधराव्या, हे विचारणं तसं क्रूरच. पण वैद्यकाचा सगळा निवाडा याच एका प्रश्नावर उभा आहे. तीन आठवड्यांच्या आतला खोकला एका पेटीतला, तीन ते आठ आठवड्यांचा दुसऱ्या, आणि आठ आठवड्यांवरचा तिसऱ्या. पेट्या बदलल्या की कारणं बदलतात, तपासण्याही बदलतात. म्हणून डॉक्टरने ‘किती दिवस’ असं विचारून थांबू नये. ‘लावणीच्या आधी होता का? बेंदराच्या पोळ्या खाताना होता का?’ असं विचारावं. उत्तर चटकन येतं आणि सहसा खरं येतं.

पहिल्या पेटीबद्दल थोडा दिलासा देणं भाग आहे. सर्दी-पडशानंतरचा खोकला आठवड्याभरात जावा अशी आपली अपेक्षा असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बऱ्याच पाहण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा असा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो असं दिसलं. अपेक्षा आणि शरीर यांच्यातल्या या दहाबारा दिवसांच्या फरकावर अँटिबायोटिक गोळ्यांचा मोठा धंदा चालतो. विषाणूचा खोकला त्या गोळ्यांनी एक दिवसही लवकर जात नाही. अठराव्या दिवशी तो आपसूक कमी होतो आणि श्रेय सोळाव्या दिवशी घेतलेल्या गोळीला मिळतं.

मग चाणाक्ष श्रोता विचारेल: साधा खोकला जर अठरा दिवस टिकतो, तर सरकारी फलक ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा’ असं का सांगतात? हिशेब सरळ आहे. तपासणीला पैसे पडत नाहीत. आणि उघड्या क्षयाचा रुग्ण रोज घरात, एसटीत, भजनाच्या बैठकीत जंतू हवेत सोडत असतो. दहा जणांची थुंकी उगाच तपासली गेली तरी बिघडत नाही, एकाची राहिली तर बिघडतं.

आता उशीर होतो कुठं, याकडे वळू. शहाण्यासुरत्या लोकांचं आवडतं उत्तर असं, की खेड्यातला माणूस अडाणी, तो दवाखान्यात येतच नाही. हे उत्तर साठ वर्षांपूर्वीच खोटं ठरलेलं आहे, तेही आपल्या शेजारच्याच राज्यात. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत काम करणारे डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या गावांत क्षयरोगी शोधून त्यांना विचारलं: तुम्हाला काय त्रास होतो, आणि त्यासाठी तुम्ही काय केलं? हा अभ्यास १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. बहुतेक रोग्यांना आपली लक्षणं नीट ठाऊक होती, आणि जवळपास निम्मे लोक आधीच सरकारी दवाखान्याची पायरी चढून आले होते. तिथं त्यांची थुंकी कुणी तपासली नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली हातात देऊन त्यांना घरी पाठवलं गेलं.

ज्यांचं वय साठीच्या पुढं आहे त्यांना ती बाटली आठवत असेल. घरून धुऊन न्यायची, कंपाउंडर मोठ्या बरणीतून त्यात तांबूस पाणी ओतणार, बाहेरून कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी डिंकाने चिकटवणार. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टी गेली, रंगीत लेबल आलं, चव संत्र्याची झाली. बाटली तीच. या व्याख्यानाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते हेच, की जुना खोकला दडत नाही, तो बाटलीनं दडवला जातो. रुग्ण आपल्या पायाने येतो, आणि आपण सगळे, डॉक्टर, औषध दुकानदार, घरातली शहाणी माणसं, त्याला पाण्याचा घोट देऊन परत पाठवतो.

तुमकूरनंतर सुधारणा झालीच नाही असं नाही. पण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ ते २०२१ या काळात देशभर केलेल्या क्षय पाहणीत, लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कुठंच उपचार घेतले नव्हते. आणखी एक आकडा डोळे उघडणारा आहे. सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के असे होते, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ते हातून निसटले असते, कारण त्यांना सांगण्याजोगं लक्षणच नव्हतं. तेव्हा खोकला हा क्षयाचा भरवशाचा चौकीदारही नाही. असला तर उपकार मानावेत आणि लगेच दखल घ्यावी.

खासगी डॉक्टरांची गोष्ट मुंबईची. १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतल्या झोपडपट्टीत काम करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांकडून क्षयाची औषधयोजना लिहून मागितली. १०० जणांनी ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या, त्यातल्या बरोबर फक्त सहा जणांच्या. याच उदवाडियांनी २०१२ च्या सुमारास औषधांना जवळजवळ दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईत सापडल्याचं जगाला सांगितलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. खरं तर त्या ६३ कागदांत तो जंतू आधीच लिहिलेला होता.

मुंबईचं उदाहरण आजऱ्यात परकं वाटायचं कारण नाही. आजरा, चंदगड, गडहिंग्लज आणि गिरणगाव यांचा रस्ता जुना आहे. लालबाग-परळच्या खोल्यांत एकाच गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच वळकटीवर. क्षयाच्या जंतूला याहून सोयीची व्यवस्था ती कोणती? शिवाय कापसाची धूळ होतीच. कापूस पिंजणी-कताई खात्यातल्या कामगाराला सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, खोकला लागायचा, आठवडा सरेल तसं कमी व्हायचं. या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि कामगार भरपाईच्या कायद्यात ते धंद्यातलं दुखणं म्हणून नोंदलं गेलं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं गावी परतली. त्यांच्याबरोबर गावी आलेल्या खोकल्याला कुणी ‘बिडीचा खोकला’ म्हणालं, कुणी ‘मुंबईचं पाणी’. फुप्फुसात साठलेल्या कापसाच्या धुळीची नोंद बहुतेकांच्या कुठल्याच कागदावर झाली नाही.

धुळीचा आणि धुराचा विषय निघालाच आहे तर घरात शिरू. आंबोलीच्या अंगाचा हा सगळा मुलूख पावसाचा. जूनपासून चार महिने सरपण ओलं असतं. पहाटे चुलीपाशी बसलेली बाई फुंकणीनं निखारा फुलवते. फुंकायच्या आधी खोल श्वास घेते, आणि तो श्वास चुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावरून घेतलेला असतो. ओल्या शेणीचा, जांभळीच्या ओल्या ढलपीचा धूर सरळ छातीत. आयुष्यात एकही बिडी न ओढलेल्या अशा बायकांची फुप्फुसं पन्नाशीत साखळीने बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली आढळतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नेमकं हेच मांडलं, की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार धूम्रपान न करणाऱ्यांतही मोठ्या प्रमाणावर आहे आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोहोचले. पण आंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबोण अजून चुलीवरच तापतं, कारण त्याला गॅस जाळणं परवडत नाही. आणि रात्री डास येतात म्हणून दारं-खिडक्या लावून उदबत्ती लावली जाते, कासवछाप जातीची गोल. मलेशियात-चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अशा उदबत्त्या तपासल्या तेव्हा एका उदबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले.

धंद्याचे खोकले या तालुक्याला काही कमी नाहीत. काजूची टरफलं भाजताना, फोडताना निघणारा तेलकट धूर घशाला अक्षरशः ओरबाडतो. उसाची चिपाडं साठवून भिजली, तापली की त्यात एक बुरशीसारखा जंतू वाढतो. ती चिपाडं हलवणाऱ्याला संध्याकाळी ताप, धाप आणि कोरडा खोकला लागतो. वैद्यकात याला बॅगॅसोसिस असं नाव आहे, गुऱ्हाळावर त्याला नाव नाही. खाली निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणाऱ्या बायका पदर नाकावर घट्ट बांधून बसतात, तरी ठसका चुकत नाही. या सगळ्यांत रोगाचा शोध औषधाच्या दुकानात लागत नसतो. सुट्टी घेतल्यावर खोकला कमी होतो का आणि कामावर गेल्यावर परत उसळतो का, एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

पण प्रत्येक जुना खोकला क्षयाचा किंवा धुराचा नसतो, आणि यातली काही कारणं इतकी साधी असतात की सापडल्यावर डॉक्टरलाच हसू यावं.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या कुळातल्या गोळ्या चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, मूत्रपिंडाला जपतात. पण शंभरातल्या पाच ते वीस जणांना, त्यातही बायकांना जास्त, त्यांच्यामुळं कोरडा खोकला लागतो. गंमत अशी की तो लगेच लागत नाही. कधी आठवड्यांनी लागतो, कधी महिन्यांनी. त्यामुळं गोळीवर संशय जात नाही. माणूस छातीचा एक्स-रे काढतो, सिरप पितो, काढे पितो, बायको पाठीला तेल चोळते, आणि रोज सकाळी तीच गोळी तो इमानेइतबारे गिळत असतो. अशी गोळी मनाने थांबवायची नसते. डॉक्टरला सांगितलं तर लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या कुळातली गोळी मिळते आणि खोकला बहुतेकदा महिन्याभरात, फार तर तीन महिन्यांत जातो.

नाकातून घशात मागच्या मागं उतरणारा शेंबूड, जठरातलं आम्ल वर येणं, आणि नुसत्या खोकल्याच्या रूपात येणारा दमा ही आठ आठवड्यांवरच्या खोकल्याची नेहमीची तीन कारणं. दम्याचा खोकला पहाटे तीन-चारला उठवतो, थंड हवेत, हसताना, चढ चढताना उसळतो. त्यावर पंप म्हटला की आजही घरं दचकतात: ‘पंपाची सवय लागती, शेवटचा उपाय तो.’ गोपाळ गणेश आगरकर दम्याने आयुष्यभर हैराण होते आणि १८९५ साली चाळिशी गाठायच्या आत गेले. त्यांच्या काळी पंप नव्हता. नळकांडीतून मोजून फवारा देणारा पंप आला १९५६ साली. गोळीतल्या औषधाच्या शेकडा काही भागाएवढंच औषध पंपातून जातं आणि थेट जागेवर जातं. जे औषध आगरकरांना मिळालं असतं तर मराठी विचारविश्वाचा इतिहास थोडा वेगळा असता, ते फडताळात ठेवून सिरप पिणं हा विनोद आहे.

आणि कान. कानाच्या नळीत एका मज्जातंतूची फांदी असते, तिचा संबंध खोकल्याच्या मज्जातंतूशी आहे. काही माणसांत कानात मळ घट्ट बसला की खोकला येतो. म्हणून छातीचा जाणता डॉक्टर कधी कधी बॅटरी घेऊन कानात डोकावतो. त्याला वेडा समजू नये.

आता बाटलीकडे परत. खोकल्याच्या बाटलीचा इतिहास फारसा सभ्य नाही. १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने खोकल्यावरचं नामी औषध म्हणून जे बाजारात आणलं त्याचं व्यापारी नाव होतं हेरॉइन. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपने वीसहून जास्त लहान मुलांचा जीव घेतला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून जास्त भरलं, मर्यादा ०.१ टक्का असताना. हे विष महाराष्ट्राला नवं नव्हतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याच्या अहवालाने त्या वेळी सरकार हादरलं. चाळीस वर्षांनी तेच विष बाळाच्या चमच्यात सापडतं याला अपघात म्हणणं फार उदारपणाचं होईल. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरपं देऊच नका अशी सूचना आता केंद्राने दिली आहे. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध बोटभरसुद्धा चाटवायचा नाही, कारण त्यातून एक घातक विषबाधा होऊ शकते.

आजीच्या औषधांची टर उडवायचं काही कारण नाही. कुंपणाला लावलेला अडुळसा शेळीसुद्धा खात नाही, पण त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन बनवलं गेलं आणि त्यातून पुढं अँब्रॉक्सॉल आलं. दुकानातल्या कितीतरी बाटल्यांवर आज हीच नावं असतात. अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो. पडू द्यावा. दोन आठवडे.

मग थुंकी. हा शब्दच घात करतो, म्हणून इथं जरा तपशिलात जायला हवं. डबीत तोंडातली लाळ थुंकली तर तपासणी वाया जाते आणि ‘निल’ असा कागद हातात पडून माणूस निर्धास्त होतो. हवा असतो तो छातीतला बेडका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर, माणसांपासून लांब जाऊन उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन पोटापासून खोकायचं, आणि घट्ट, पिवळसर असं जे येईल ते डबीत धरायचं, निदान अर्धा चमचा. झाकण घट्ट लावायचं. जुन्या पद्धतीत काचेवर हे पसरून, रंगवून, आम्लाने धुतलं की निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. पण एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते नजरेस पडतात. सीबीनॅट हे यंत्र त्याच मापात दीडशेच्या आत जंतू असले तरी पकडतं आणि दोन तासांत रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगतं. ट्रूनॅट हे त्याच्या धाकट्या भावासारखं बॅटरीवर चालणारं यंत्र बनवणारी कंपनी आजऱ्यापासून घाट उतरला की गोव्यात, वेर्ण्याला आहे. वीज गेली तरी चालणारं यंत्र घाटमाथ्याच्या तालुक्यांना किती सोयीचं, हे पावसाळ्यात इथं राहिलेल्याला सांगायला नको.

निदान झालं की पूर्वी रुग्णाला घराबाहेर काढावं लागे. मिरजेला १८९४ साली दवाखाना उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती, आणि कधी छातीत हवा भरून फुप्फुस मिटवून ठेवायचं, कधी बरगड्या काढायच्या. हे सगळं थांबवलं ते मद्रासने. १९५६ साली तिथं सुरू झालेल्या केंद्रात गरीब रुग्णांचे दोन गट केले: एक आरोग्यधामात, खाण्यापिण्याची चंगळ, दुसरा झोपडीत, आपल्या नेहमीच्या भात-सांबारावर. औषधं दोघांना सारखीच. १९५९ साली निकाल छापला गेला. दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांमुळं घरच्यांना आजार जास्त लागला असंही दिसलं नाही. जगभरची आरोग्यधामं त्यानंतर हळूहळू ओस पडली.

आजचा उपचार त्याच वाटेने आलेला आहे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे मोजून, रोज. लघवी नारिंगी होते. ती रिफॅम्पिसिनमुळं, घाबरायचं नाही. जेवणासाठी दरमहा मिळणारी रक्कम २०१८ साली ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात असते. खोकला थांबतो, भूक लागते, अंग भरतं, आणि माणसाला वाटतं झालं बरं. जंतू मात्र अजून असतात, आणि जे उरतात तेच चिवट असतात. गोळ्या इथं सुटल्या की पुढचा खोकला दुप्पट महागात पडतो.

आजरा तालुक्यात हा धोका गणपतीनंतर वाढतो. गावी उपचार सुरू झालेला माणूस सुट्टी संपवून मुंबईला किंवा पुण्याला परत जातो आणि गोळ्यांचं पाकीट संपतं. यासाठी उपचार सोडायचे नसतात, की दर महिन्याला एसटीने गावी यायचंही नसतं. नोंदणी झाली की निक्षय क्रमांक मिळतो. निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे तो दाखवून ‘बदली करून द्या’ म्हणायचं, म्हणजे परळला असो वा पिंपरीला, जवळच्या सरकारी दवाखान्यातून पुढच्या गोळ्या मिळतात. जाताना घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या पोरांची तपासणी झाली का, हेही विचारून जावं. त्यांना आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून द्यायची औषधं वेगळी असतात आणि तीही तिथंच, फुकट मिळतात.